जनकाबाईच्या हातचा खुराक

पळसखेडात कुणाची म्हैस व्याली की दिवेलागणीपर्यंत सगळ्या गावाला कळायचं, त्यात नवल काही नाही. पण सहदेवाच्या म्हशीचं दूध कुणाच्या पोटात जातं, हेदेखील गावाला तोंडपाठ होतं. सकाळचं त्याच्या पोराला, उकंड्याला, संध्याकाळचं उकंड्याला, आणि साय, लोणी, ताक यांतलं जे उरेल तेही उकंड्यालाच. म्हशीचा मालक ओसरीवर बसून गुळाचा कोरा चहा फुंकत असायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "या घरात मले बी पोट हाये, हे त्या बाईले कोणीतरी सांगा बाप्पा."

ती बाई म्हणजे त्याची बायको जनकाबाई. अंगानं किरकोळ, आवाजानं दांडगी. अमडापूरच्या बाजारात ती उडीद घ्यायला उभी राहिली की दुकानदार आधीच हात जोडायचा. दाणा दाताखाली फोडून पाहिल्याशिवाय ती पिशवी पुढे करायची नाही, आणि दाणा किडका निघाला तर अख्ख्या बाजाराला ऐकू जायचं. नवा महाराष्ट्र होऊन चार-दोन वर्षं झाली होती. गावात शाळेच्या पक्क्या भिंती उभ्या राहत होत्या, चावडीवर रेडिओ आला होता, लोकांना बोलायला शंभर विषय होते. जनकाबाईच्या डोक्यात एकच विषय होता, पोराच्या अंगावर मांस कसं चढेल.

याला कारणही तसंच होतं. उकंड्याच्या आधी झालेली तिची लेकरं पाळण्यातच गेली होती. उकंडा जन्मला तोही मुठीएवढा, रडायलाही अंगात जोर नाही असा. तेव्हा जुन्या बायकांनी सांगितलं तसं तिनं केलं. पोर सुपात घातलं आणि सूप उकिरड्यावर नेऊन ठेवलं. टाकून दिलेल्या पोराकडे यमसुद्धा पाहत नाही म्हणतात. शेजारची चांगुणा ठरल्याप्रमाणे मागून आली, "कोणाचं व हे पोट्टं?" म्हणत तिनं सूप उचललं, आणि पसाभर कोंडा घेऊन पोर जनकाबाईलाच विकलं. म्हणून नाव उकंडा, म्हणजे उकिरडा. तेवढ्यावरही जनकाबाईचं समाधान झालं नाही. ती तशीच ओली बाळंतीण देवळात गेली आणि देवीपुढे पदर पसरून नवस बोलली. "हे जगलं तर दर जत्रेले हे तुह्यासाठी उपास करीन. तुही पालखी आमच्या दारावरून जाईस्तोवर पाण्याच्या घोटाशिवाय याच्या तोंडात काही जाणार नाही. जिवंत हाये तोवर."

पोर जगलं. आता ते देवीनं जगवलं, उकिरड्यानं जगवलं की जनकाबाईच्या दुधानं, याचा निवाडा कोण करणार? जनकाबाईनं कुणाचंच देणं ठेवलं नाही. एरवी वर्षभर ती पोराच्या मागे वाटी घेऊन धावायची आणि चैत्रातल्या जत्रेच्या दिवशी मात्र त्याला उपाशी ठेवायची. बाकीची पोरं रेवड्या आणि गोडी शेव खात हिंडायची आणि उकंडा चांगुणाच्या ओट्यावर बसून पालखीची वाट पाहायचा. लहान होता तेव्हा रडायचा. पुढे सवय झाली. आणि बोललेला नवस चारचौघांत सांगितला की त्याचं पुण्य जातं, म्हणून घरातल्यांना आणि चांगुणाला सोडून गावात कुणालाच याचा पत्ता नव्हता.

मिसरूड फुटायच्या सुमारास उकंडा तालमीत जाऊ लागला. गावचे वस्ताद वामनराव म्हणजे एके काळचे नावाजलेले पहिलवान. कान चुरगळलेले, मान बैलासारखी, बोलणं मात्र मऊ. त्यांनी उकंड्याच्या खांद्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "हाडाचा सांगाडा चांगला हाये. भरला पायजे." हे वाक्य उकंड्यानं घरी येऊन सांगायचा अवकाश, जनकाबाईनं पदर खोचला.

पहिलवान तूप खातात एवढंच तिनं ऐकलं होतं. तिनं तुपाचा नुसता पूर आणला. भाकरीवर तूप, वरणात तूप, दुधात तूप. सकाळी उठल्या उठल्या लोण्याचा गोळा, वर शिरा. पोर नको म्हणालं की आवाज चढायचा, "काऊन नाही? बाप पैदा करते अन् तू नाही म्हणतं?" आठवड्याभरात उकंड्याचं पोट असं बिघडलं की तो जोर मारायला वाकला की तसाच उठून तांब्या घेऊन नाल्याकडे पळायचा. तालमीतली पोरं हसून हसून मातीत लोळली. अति तेथे माती म्हणतात ते उगीच नाही.

शेवटी वामनराव स्वतः घरी आले. ओसरीवर बसले. जनकाबाई दाराआड उभी राहिली.

"वहिनी," ते म्हणाले, "खाल्लेलं अंगी लागते, कोंबलेलं नाही लागत. पी हळद अन् हो गोरी, असं शरीर होत नाही. तूप चमचाभर पुरे. पण दाळी खाऊ घाला. उडीद, हरभरा, मूग. मेहनत झाल्यावर दूध द्या, मेहनतीच्या आधी नाही. अन् पोट्टं थकून आलं की त्याले झोपू द्या. मांस झोपेत चढते."

"झोपेत?" दाराआडून आवाज आला. "मंग आमच्या घरधन्याच्या अंगावर काऊन नाही चढलं?"

वामनराव एवढे हसले की चहा सांडला. त्या दिवसापासून जनकाबाई त्यांची चेलीच झाली म्हणा ना. तालमीत उकंडा जोर-बैठका मारायचा आणि घरी ही चुलीशी. रात्री हरभरे भिजत घालायचे, ते सकाळी मेहनत करून आल्यावर गुळासोबत चावून चावून खायचे आणि मागून धारोष्ण दूध. दुपारी ज्वारीची भाकरी, उडदाचं घट्ट वरण, अंबाडीची नाही तर मेथीची भाजी, जवसाची चटणी. उन्हाळ्यात ताक, हिवाळ्यात तिळाचे आणि शेंगदाण्याचे लाडू. बदाम तिला परवडणारे नव्हते. तिनं त्यांची वाट पाहिली नाही, शेतातल्या शेंगा भाजल्या. काय पचतं आणि काय नाही हे ती पोराच्या तोंडाकडे पाहून ओळखायची. सकाळी डोळे जड दिसले की रात्रीचं वरण कमी. भूक लागली म्हणून स्वतःहून स्वयंपाकघरात आला की भाकरी वाढवायची. मधूनच येता-जाता त्याच्या दंडात बोट खुपसून पाहायची, बाजारात वांगी पाहावीत तशी.

आणि पोर भरू लागलं! मान रुंदावली, छाती उघडली, मांड्या अशा झाल्या की धोतर नेसताना काष्ट्याला कापड पुरेना. सहदेव बाहेरून कुरकुरत राहिला, पण चावडीवर बसला की त्याचा विषय दुसरा नसायचा. मेहकरला उकंड्यानं कुस्ती मारली. चिखलीला मारली. एकदा तर जालन्याच्या बाजूचा चांगला जाडजूड पहिलवान त्यानं असा उचलून टाकला की पंचांनी नारळासोबत स्वतःच्या डोक्यावरचा फेटा काढून दिला. जनकाबाई फेटा बांधलेल्या पोराची दृष्ट काढायची आणि मीठ-मोहऱ्या चुलीत तडतडल्या की चांगुणाला म्हणायची, "पाहिलं का, केवढी लागलती!"

सगळीकडे वाघ, आणि घरच्या जत्रेत शेळी. गावाला हे कोडं काही सुटेना. देवीच्या जत्रेत पळसखेडच्या पहिलवानाला शेवटच्या, मानाच्या कुस्तीची जोड मिळायची. दोन वर्षं लागोपाठ उकंड्यानं ती घालवली. पहिल्या वर्षी लोक म्हणाले, होतं कधी कधी. दुसऱ्या वर्षी तर त्यानं समोरच्याला खाली घेतलं होतं, पाठ टेकायला बोटभर अंतर उरलं होतं, आणि एकाएकी त्याची पकड सैल पडली. चैत्राचं ऊन, कालपासून रिकामं पोट. हातपायच गळाले. समोरचा खालून निसटला आणि त्यानं उलट उकंड्यालाच चीत केलं. हातातोंडाशी आलेला घास गेला. त्या संध्याकाळी पालखी दारावरून गेल्यावर जनकाबाईनं ताट वाढलं, तर पोराच्या हातात भाकरीचा तुकडा ठरेना. ती समोर बसून पाहत होती. वर्षभर जे शरीर आपण घासाघासानं उभं केलं, ते आपणच एका दिवसात पाडतो, हे तिला त्या हाताकडे पाहून कळलं.

दुसऱ्या दिवशी वामनराव आले, ते रागानं लाल होऊन. "काय खाल्लं होतं बे काल?" त्यांनी उकंड्याला विचारलं. दाराआडून जनकाबाईच बोलली. नवसाचं सगळं सांगून टाकलं.

वामनरावांनी कपाळावर हात मारला. मग म्हणाले, "वहिनी, बैलाले वर्षभर सरकी-ढेप चारायची अन् शंकरपटाच्या दिवशी उपाशी पळवायचा, असं कोणी करते का? आधी पोटोबा, मंग विठोबा."

"विठोबाले चालत असन," जनकाबाई म्हणाली. "देवीले नाही चालत. मी बोललेली हावो. पोट्टं तिनं जगवलं. उद्या नेलं तं तुम्ही आणून देसान का?"

वस्तादांनी वहाणा पायात घातल्या आणि ते उठून गेले.

वर्ष गेलं. पुन्हा चैत्र आला आणि पंचांनी साफ सांगितलं, यंदा उकंडा हरला तर पुढच्या जत्रेपासून मानाची जोड दुसऱ्या गावच्या पहिलवानाला. समोर कोण, तर संग्रामपूरकडचा शंकर, सातपुड्याच्या पायथ्याचा, दाराच्या चौकटीत मावणार नाही असा. गाव नुसतं पेटलं. तालमीत उभं राहायला जागा उरली नाही. ज्यांनी जन्मात बैठक मारली नाही असे लोक उकंड्याला डाव शिकवू लागले. उकंडा कुणाला काही बोलायचा नाही. आईलाही त्यानं एका शब्दानं म्हटलं नाही की यंदा मला खाऊ दे. हेच जनकाबाईला जास्त लागत होतं. पोरानं भांडण केलं असतं तर तिला ओरडता तरी आलं असतं.

चांगुणा एके दिवशी हळूच म्हणाली, "मी काय म्हणतो व जनके, नवस तू तुह्या पोराचा बोलली. पोट्टं तं तू टाकलं होतं. उकिरड्यावरून मी उचललं. मंग ते माह्यं झालं. तुह्या नवसाशी त्याचा काय संबंध?"

"पसाभर कोंडा घेऊन इकलं ना परत? अन् देवीपुढं वकिली चालत नाही," जनकाबाई म्हणाली, पण तिला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

जत्रेच्या आदल्या संध्याकाळी ती देवळात गेली. पोरानं यंदा खाल्लं तर चालेल का, असा कौल लावायचं ठरवून गेली होती. गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांना फुलाची एकेक पाकळी ओली करून चिकटवली. उजवी पडली तर देवीची हरकत नाही, डावी पडली तर नाही म्हणते. जनकाबाई हात जोडून उभी राहिली. समई तेवत होती, बाहेर जत्रेच्या पालांचे खुंटे ठोकल्याचा आवाज येत होता, मागे लोक खोळंबले होते. पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. ना उजवी, ना डावी. गुरव कंटाळला. "उद्या येजो बाई," तो म्हणाला.

उद्या येऊन काय उपयोग! जनकाबाई रागानं वळली, तर कोपऱ्यात गुरवाची बायको अंबूबाई परातींचा ढीग लावत बसली होती. ती आपल्याच नादात बडबडत होती. "उद्या सूर्य उगवायच्या आत पहिला निवद येते पाटलाच्या घरून. मंग रांग लागते ती लागते. पुरणपोळ्या, भात, कढी, भजे. ठेवू कोठी? देवी जेवल्याशिवाय जत्रेचा नारळबी फुटत नाही न व."

जनकाबाई थबकली. इतकी वर्षं ती स्वतःच तर निवद आणत होती आणि हे कधी मनात आलं नव्हतं. ती पुन्हा देवीसमोर जाऊन उभी राहिली आणि गुरव, अंबूबाई, मागची माणसं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तू सकाळपासून पुरणपोळी खाशीन अन् माह्यं पोट्टं उपाशी? तू माय हायेस ना? मंग कोणती माय असं जेवते?"

गुरवाच्या हातातलं निरांजन तसंच राहिलं. जनकाबाई ताडताड पायऱ्या उतरून गेली.

सकाळी उकंडा नदीवरून अंघोळ करून आला आणि रोजच्या सवयीनं स्वयंपाकघराकडे न जाता सरळ ओसरीवर बसला. जत्रेचा दिवस. जनकाबाईनं चूल पेटवली होती. तिनं ज्वारीच्या कण्या शिजवल्या, मऊ, दाताला लागणार नाहीत अशा. त्यात दूध घातलं, गूळ घातला, तूप चमचाभर. उडदाला आज हात लावला नाही, हरभऱ्यालाही नाही. ते पोटात ठाण मांडून बसतात आणि कुस्तीत पोट हलकं लागतं, हे ती वामनरावांकडून शिकली होती. भिजवलेल्या खारका वेगळ्या वाटीत ठेवल्या, दुपारसाठी. मग ताट घेऊन ती ओसरीवर आली आणि पोरासमोर ठेवलं.

उकंडा घाबरून मागे सरकला. "माय, आज जत्रा हाये."

"मले माईत हाये. खाय."

"तू बोललेली हायेस व. काही झालं तं?"

"नवस कोण बोललं? मी. तोडून कोण राह्यलं? मी. देवीले काही घ्याचं असन तं माह्यापासून घेईन. आज तुह्या वाटचा उपास मी धरतो. पाण्याचा थेंब नाही घेणार. तू खाय."

सहदेव चहाची बशी हातात धरून उभा होता. उकंड्यानं आईकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पोटात भुकेनं तर केव्हाचीच ओरड केली होती. त्यानं पहिला घास उचलला. जनकाबाई भिंतीला टेकून उभी राहिली. त्याच्या प्रत्येक घासाला तिला वाटायचं, आता उचकी लागेल, आता ठसका लागेल. काही झालं नाही. पोरानं ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं आणि वर गुळाचं पाणी प्यायलं.

दुपार कलली तशी नाल्याकाठच्या आखाड्यावर सगळा मुलूख लोटला. झाडांवर माणसं, बैलगाड्यांवर माणसं, शाळेच्या अजून अर्ध्याच असलेल्या भिंतींवर माणसं. त्या काळी बायका कुस्त्यांना जात नसत. जनकाबाई आपल्या घराच्या मातीच्या माळवदावर चढली, सोबत चांगुणा. तिथून आखाडा दिसायचा, पण माणसं मुंग्यांसारखी. चांगुणाची नजर लांबची तेज होती, म्हणून ती सांगणार आणि जनकाबाई ऐकणार, असं ठरलं. डफडं मात्र दोघींनाही ऐकू येत होतं. माळवद तापून तव्यासारखं झालं होतं. चांगुणानं पाण्याचा गडू पुढे केला. जनकाबाईनं मान हलवली. चांगुणा तिच्या सुकलेल्या ओठांकडे पाहत राहिली, मग तिला उमजलं आणि तिनं गडू दूर ठेवून दिला. स्वतःही प्यायली नाही.

"उतरले व!" चांगुणा ओरडली. "सलामी झाली. बाप्पा, केवढा हाये तो शंकऱ्या! आपलं पोट्टं त्याच्यापुढं..."

"गप. पुढचं सांग."

"भिडले. मानेले मान लावली. ढकलून राह्यला तो. आपला मागं चालला... मागं... थांबला! पाय रोवले!"

डफड्याचा ठेका वाढला. आखाड्यावरून धुळीचा लोट उठला आणि त्यात काही दिसेनासं झालं. गर्दीतून एकदम ओरड उठली, मग बसली. जनकाबाईनं चांगुणाचा हात असा आवळला की तिच्या बांगड्या रुतल्या.

"खाली गेला कोणी तरी. कोण गेला? आपला! आपला खाली हाये व!"

"पाठ टेकली?"

"नाही! नाही टेकली! कुशीवर वळला. मानेवर अंग तोललं त्यानं, पाठ अधांतरी हाये पाहाय! तो वरून रेटून राह्यला... अन् आपला काही पडत नाही!"

वेळ जात होता. डफडेवाल्याचे हात थकले असतील, पण तो थांबेना. गेल्या वर्षी याच टप्प्यावर पोराचे हात गळाले होते. जनकाबाईला स्वतःच्या घशात काटे टोचत होते, डोळ्यांपुढे अंधारी येत होती, आणि तिला वाटत होतं की हे बरंच आहे. त्याच्या अंगातलं गळणं सगळं माझ्या अंगात येऊ दे, आज मी त्याचा उपास आहे. ती मोठ्यानं म्हणत होती, "खाल्लं हाये तुनं. खाल्लं हाये रे बापा. धर. सोडू नको. धर!"

"निसटला!" चांगुणा उडी मारून उभी राहिली. माळवदाचा पोपडा तिच्या पायाखाली निघाला, तिचं लक्ष नव्हतं. "निसटला खालून! उभा झाला! तो शंकऱ्या धापा टाकून राह्यला व, तोंड उघडं पडलं त्याचं! आपल्यानं हात धरला... पाठ फिरवली... खांद्यावर घेतला! जनके! खांद्यावर घेतला!"

क्षणभर डफडं थांबलं. मग आखाड्यावर जो आवाज फुटला तो अमडापूरपर्यंत गेला असेल. फेटे हवेत उडाले. सहदेव, ज्यानं बायकोच्या धाकानं जन्मात मोठा आवाज काढला नव्हता, तो म्हणे पंचाच्या गळ्यात पडून गाईसारखा हंबरला. चांगुणानं जनकाबाईला मिठी मारली आणि दोघी माळवदावर गरगर फिरल्या. धोबीपछाड! संग्रामपूरकडचा तो पहाड पळसखेडच्या मातीत आडवा पडला होता आणि उकंडा, आता उकंडराव म्हणायला हवं, लोकांच्या खांद्यावर होता.

आनंद ओसरला तसं भीतीनं जनकाबाईला गाठलं. कुस्ती झाली. आता देवीचं काय? ती खाली उतरून घरात जाऊन बसली. दर थोड्या वेळानं मनात यायचं, गर्दीत पडला असेल, मान दुखावली असेल, कुठं गाडीखाली आला असेल. नवस तोडला, आणि तोही देवीला चार शब्द सुनावून तोडला. देवी गप्प बसणार का? दिवे लागले. पालखी निघाल्याचा शंख वाजला. वेशीपासून एकेक दार घेत पालखी जवळ येऊ लागली. दर वर्षी ती रस्त्यावर जाऊन उभी राहायची, पालखी वाहणाऱ्यांच्या पायांवर पाणी घालायची. आज तिच्यानं उंबरा ओलांडवेना. कोणत्या तोंडानं समोर जायचं?

वाजंत्री दाराशी आली आणि थांबली. पालखी पुढे जाईना. बाहेरून चांगुणा हाका मारत होती. मग दुसरा आवाज आला, घोगरा, ओरडून बसलेला. "माय, पाणी घेऊन ये व. देवी उभी हाये दारात."

जनकाबाई पाण्याची घागर घेऊन बाहेर आली. मानाची कुस्ती जिंकणाऱ्याला पालखीला पुढचा खांदा द्यायचा मान असतो. पुढच्या दांड्याखाली उकंडा होता. अंगभर माती, एक कान सुजलेला, छातीवर ओरखडे, आणि छाती वरखाली होत होती. तिनं वाकून सगळ्यांच्या पायांवर पाणी घातलं. पोराच्या पायांवर घातलं तेव्हा तिचा हात त्याच्या पोटरीवर थांबला. गरम होती. तिनं मान वर करून आधी देवीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. देवी रोजच्यासारखीच पाहत होती. मळवट भरलेला, नाकात नथ.

उकंडा खाली वाकला आणि आईच्या कानाशी म्हणाला, "माय, लय भूक लागली व."

जनकाबाईनं पदरानं तोंड पुसलं, दांड्याखालून पोराला दंडाला धरून बाहेर ओढलं, त्याच्या जागी पालखीमागून आलेल्या सहदेवाला उभं केलं आणि सगळ्या गावादेखत ओरडली, "देवीले पुढं न्या बाप्पा लवकर! माह्यं पोट्टं भुकेजलं हाये."